मावशीचं आजारपण आणि गिअरबॉक्सचं तेल

माझ्या सासूबाई साठी उलटल्यावर गाडी शिकल्या. सासरे गेले, त्यांची गाडी खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली, आणि वर्षश्राद्ध आटोपल्यावर एक दिवस जेवताना सासूबाई म्हणाल्या, "ती गाडी विका, नायतर माका शिकवा." नवऱ्याला आधी ती चेष्टा वाटली. गाडी ऑटोमॅटिक होती. सासऱ्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता, म्हणून त्यांनी मुद्दाम तशी, सेकंडहँड घेतली होती. "क्लच नाय, गिअर बदलूचो नाय," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर शिलाई मशीन चालवलेल्या बायलमाणसाक कसला भय?"

त्या शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांनी लालबागला खानावळ चालवली होती. पाळी सुटल्यावर दारात उभ्या राहणाऱ्या भुकेल्या माणसांना ओळीने बसवायची त्यांना सवय होती, त्यामुळे परळच्या ट्रॅफिकने त्यांचं काही बिघडलं नाही. हॉर्न त्या क्वचित वाजवत. काच खाली करून बोलत. टॅक्सीवाले आपोआप बाजूला होत. दादरची मासळी, लालबागचा मसाला, भजनी मंडळातल्या दोघीतिघींना घरी सोडणं, सगळं त्या गाडीने करत.

गाडीच्या पोटातलं खातं मात्र नवऱ्याकडे होतं. माझा नवरा विमा कंपनीत कामाला आहे. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून बघून आपल्याला गाडीतलं सगळं कळतं, असं त्याचं मत आहे. घरात ते कोणी खोडून काढलेलं नाही, कारण खोडायला बसलं की तो फोटो दाखवतो.

दिवाळीनंतर गाडी झटके द्यायला लागली. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना ती क्षणभर नुसतीच गुरगुरायची आणि मग मागून कोणी ढकलल्यासारखी पुढे जायची. वेग घेतानाही मध्येच एकदा अंग झटकायची. सासूबाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो एका सकाळी रस्ते मोकळे असताना गाडी घेऊन एक फेरी मारून आला.

"आई, गाडी झटके देत नाही," तो म्हणाला. "तुझा पाय झटके देतो. तू अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबतेस."

त्याच्या ताटात वाढायला घेतलेली चपाती सासूबाईंनी परत डब्यात ठेवली.

"गिअरबॉक्सचं तेल एकदा बदलून बघूया का?" मी विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग सांगायला सुरुवात केली. गाडी लाखाच्या कितीतरी पुढे धावलेली आहे. ते तेल आतापर्यंत कोणी बदललेलं नाही. आता आतल्या प्लेटी झिजल्या आहेत, त्यांचा गाळ तेलात उतरला आहे, आणि त्या गाळाच्या जोरावरच त्या एकमेकींना धरून आहेत. नवं, पातळ, स्वच्छ तेल घातलं की सगळ्या घसरायला लागतील आणि गाडी जागची हलणार नाही.

"मग बदलायचं कधी असतं?" मी विचारलं.

"वेळेवर. वेळ गेली की कधीच नाही."

आमचा परळचा नेहमीचा मेकॅनिकही हेच म्हणाला. म्हणजे नवऱ्याने त्याला फोन करून आधी स्वतःचं म्हणणं सांगितलं आणि मग त्याचं विचारलं, त्यामुळे तो दुसरं काय म्हणणार.

लोअर परळला माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर शोधायला बसले. जगात जेवढी माणसं तेवढी मतं होती. निम्मे म्हणत, जुन्या गाडीच्या तेलाला हात लावू नका. निम्मे म्हणत, तेल जरूर बदला, पण मशीन लावून सगळं एकदम धुऊन काढू नका. खालचा बोल्ट उघडून जेवढं आपोआप पडेल तेवढंच पडू द्या, तेवढंच नवं भरा, थोडे दिवस गाडी चालवा, मग पुन्हा तेच करा. एका वेळी अर्ध्याहून कमीच तेल बाहेर येतं, बाकीचं आत गिअरबॉक्सच्या पोटात राहतं. असं दोनतीनदा केलं की बहुतेक सगळं नवं होतं, आणि गिअरबॉक्सला धक्का बसत नाही.

संध्याकाळी नवरा यायच्या आत मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"खानावळीत तळणीचा तेल काळा पडला की मी बदलायचंय," त्या म्हणाल्या. "न बदलता वापरला तर आधी वास येता आणि मगे गिऱ्हाईक येईनासा होता." थोडा वेळ त्यांनी मेथी निवडली. "त्येका सांगायचा नाय."

"आणि गाडी बंद पडली तर?"

"तर सांगायचा, माझ्या पायान बंद पडली. तसाय त्येचा म्हणणा ताच हा."

असा कट ठरला.

सासूबाईंना भायखळ्याच्या भाजी मार्केटच्या मागे एक गॅरेज माहीत होतं. तिथे त्या एकदा टायरचं पंक्चर काढायला थांबल्या होत्या. मालक रत्नागिरीकडचा निघाला, म्हणून तासभर बसल्या होत्या. एका शनिवारी नवरा ऑफिसला गेल्यावर आम्ही निघालो. पण आमच्या इमारतीत गाडी बाहेर काढणं म्हणजे वर्तमानपत्रात बातमी देण्यासारखंच. पूर्वीची चाळ पाडून तिथे हा टॉवर उभा राहिला, माणसं तीच राहिली. पूर्वी ती गॅलरीतून बघायची, आता खिडकीतून बघतात. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने "कुठे?" म्हणून विचारलं तेव्हा सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "गिरगावाक. बहिणीक बरा नाय."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मावशींना काय झालंय?"

"काय नाय. घोड्यासारखी हा," त्यांनी गाडी सुरू केली. "पण भायखळा गिरगावच्या वाटेवरच पडता."

गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं आणि तोही मागे सरकला. साधारण पन्नाशीचा, अंगाने गोल, बोलताना सारखा फडक्याला हात पुसणारा माणूस.

"काकू, हे काम मी टाळतो," तो म्हणाला. "गाडी एवढी चाललीय. उद्या गिअरबॉक्स गेला तर तुम्ही म्हणणार, ह्याने बिघडवला."

"मी कोणाक काय म्हणणार नाय. माका कोणाक सांगूचाच नाय," सासूबाई म्हणाल्या.

त्याला ते नीट समजलं नाही. मग मी घरची परिस्थिती सांगितली. मुलाने आईच्या पायाला नावं ठेवलीत, इथपर्यंत आल्यावर तो हसायला लागला. "म्हणजे पायाची केस आहे," तो म्हणाला, आणि फडकं खांद्यावर टाकून गाडी रॅम्पवर घ्यायला सांगितली.

बोल्ट उघडल्यावर जे बाहेर आलं ते बघून माझा धीर सुटला. उकळून उकळून उरलेल्या चहासारखं काळपट, आणि वर जळका वास. गॅरेजवाल्याने खालचं तबकही उतरवलं. त्यात एक लोहचुंबक असतो, तेलातली लोखंडाची झीज धरून ठेवायला. त्याच्यावर करड्या रंगाचा मऊ थर बसला होता. त्याने तो दोन बोटांत चोळला आणि आमच्यापुढे धरला.

"पीठ आहे. तुकडे नाहीत," तो म्हणाला. "तुकडे असते तर मी परत बोल्ट लावून तुम्हाला घरी पाठवलं असतं. चान्स आहे."

पडलेलं तेल त्याने मोजलं, तेवढंच नवं घातलं. नवं तेल लालभडक होतं. "कोकम सरबत," सासूबाई म्हणाल्या आणि बघत उभ्या राहिल्या. येताना त्यांनीच गाडी चालवली. झटका होता, पण थोडा नरम. किंवा आम्हाला तसं वाटावंसं वाटत होतं.

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, "मावशीला काय झालं?"

शेजारीण आमच्या आधी त्याला भेटली होती. "अशक्तपणा," सासूबाई म्हणाल्या. मी त्याच वेळी "ताप" म्हणाले. मग आम्ही दोघींनी मिळून तापामुळे अशक्तपणा आणला.

रात्री सासूबाईंनी बहिणीला फोन करून ती आजारी असल्याचं कळवलं. मावशी त्यांच्याहून लहान. खोताच्या वाडीच्या तोंडाशी जुन्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात, शिकवण्या घेतात, आणि त्यांच्या आयुष्यात त्या दिवसांत फारसं काही घडत नव्हतं. सगळा मामला ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कसला आजार? माका नीट सांग, मी तसा खोकतंय."

"खोकू नको," सासूबाई म्हणाल्या. "ताप हा तुका."

दुसऱ्या वेळेला आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. आता कारण तयारच होतं. या वेळी बाहेर आलेलं तेल तपकिरी होतं, वासही कमी. सगळं झटपट झालं आणि आम्ही खुशीत परत निघालो. लालबागच्या फ्लायओव्हरच्या चढाला लागायच्या आधी सिग्नल पडला. हिरवा झाला, सासूबाईंनी पाय दाबला, इंजिन मोठ्याने ओरडलं आणि गाडी जागेवरच राहिली.

मागून बेस्टच्या बसने हॉर्न दिला. सासूबाईंनी पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा नुसताच आवाज. मी डोळे मिटले. नवरा म्हणाला होता अगदी तसंच, अगदी त्याच शब्दांत झालं होतं. तो आता जन्मभर हे सांगणार, नातवंडांनाही सांगणार. मला गिअरबॉक्सपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली. तेवढ्यात गाडीने धाडकन पकड घेतली आणि आम्ही दोघी सीटवर आपटलो. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. वर न चढता त्यांनी फ्लायओव्हरच्या खालून गाडी वळवली आणि हळूहळू, कडेकडेने भायखळ्याला परत आणली.

गॅरेजवाला चहा पीत होता. आम्हाला बघून त्याने ग्लास खाली ठेवला. त्याने तेल मोजायची सळी ओढून बघितली, पुसून पुन्हा घातली, पुन्हा बघितली. "तेल तर बरोबर दाखवतंय," तो म्हणाला आणि डोकं खाजवत राहिला. मग त्याने गाडीच्या खालच्या जमिनीकडे बघितलं. गॅरेजसमोरची जागा रस्त्याकडे उतरती होती. गेल्या वेळी गाडी आतल्या बाजूला होती, या वेळी तिथे दुसरं काम चालू होतं म्हणून बाहेर उभी केली होती. गाडी कलती असली की तेल एका अंगाला सरकतं आणि सळी खोटं बोलते. गाडी सपाटीवर नेऊन, इंजिन तापवून, पुन्हा मोजलं तर तेल बरंच कमी निघालं.

"माझी चूक झाली, काकू," तो म्हणाला. "घाई केली. पडलेलं तेल न मोजता नुसत्या सळीवर भरलं."

"झाली तर झाली. भर आता," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जीव परत आला होता. तो तेल भरत असताना त्यांनी त्याचा उरलेला चहाही त्याला आणून दिला, तोवर तो पार थंड झाला होता.

त्या दिवशी फ्लायओव्हर आम्ही असा चढलो, की सासूबाई वरून उतरल्या, वळल्या आणि कारण नसताना पुन्हा चढल्या.

तिसऱ्या वेळेची गोष्ट वेगळी. मावशीचा ताप इतके दिवस उतरत नाही म्हटल्यावर नवरा काळजीत पडला. तो मनाने चांगला आहे, हे इथे सांगायला हवं. त्याने रविवारी सकाळी शहाळी आणि मोसंबी आणली, कपडे केले आणि म्हणाला, "चला, मी पण येतो. मीच चालवतो."

सासूबाईंनी न्हाणीघरात जाऊन बहिणीला फोन केला.

वाटेत नवरा गाडी चालवता चालवता एकदम म्हणाला, "बघितलंस? आई, बघितलंस? एक झटका नाही. मी सांगत होतो, पायाचा दोष. उगाच तेल बदलून बसला असता तर आज ढकलत नेली असती." सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मागच्या सीटवरून मला त्यांचा कान दिसत होता. तो लाल झाला होता.

मावशींनी तयारी उत्तम केली होती. पलंगावर गोधडी, कपाळाला पट्टी, उशाशी तांब्या. केस मुद्दाम विस्कटले होते. नवऱ्याने जवळ बसून हात हातात घेतला, तशी त्या अशा काही कण्हल्या, की क्षणभर मलाच शंका आली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरचा काय खरा नाय," मावशी म्हणाल्या. "दादरचे ते जुने वैद्य आसत ना, त्येंच्या चूर्णान माका गुण येता."

"मी आणतो," म्हणून नवरा उठला.

मावशींनी त्याचं मनगट पकडलं. "तू खय जातस? इतक्या दिवसांनी इलंस. बस माझ्याकडे. चूर्ण काय, ह्यो दोघी आणतीत."

त्यांनी हात सोडला नाही. आम्ही चाव्या घेतल्या आणि जिना उतरलो.

भायखळ्याला गाडी रॅम्पवर चढली, बोल्ट उघडला, आणि माझा फोन वाजला. नवरा. शेजारी कुठेतरी ग्राइंडर चालू होता. मी फोन सासूबाईंकडे दिला.

"कसला आवाज आहे गं, आई?"

"वैद्य चूर्ण कुटतत," सासूबाई म्हणाल्या.

"मशीनवर?"

"आता कोण खलात कुटता बाबा?"

गॅरेजवाला हसू दाबत, पोट धरून टायरवर बसला. ग्राइंडरवाल्याला त्याने हाताने खूण करून थांबवलं, पण तोवर फोन बंद झाला होता. या वेळी बाहेर आलेलं तेल लालसरच होतं. "हे तर अजून चाललं असतं," तो म्हणाला, "पण आता सुरू केलंय तर पुरं करू." गाडी सपाटीवर नेऊन त्याने सळी एकदा नाही, दोनदा बघितली. निघताना आठवण झाली की चूर्ण घ्यायचं राहिलंच. कोपऱ्यावरच्या दुकानातून आम्ही त्रिफळा चूर्ण घेतलं आणि डब्यातून काढून साध्या कागदात बांधलं.

परत आलो तर नवरा स्टुलावर उभा राहून मावशींचा पंखा पुसत होता. त्याआधी त्याने त्यांना सगळं वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं, छोट्या जाहिरातींसकट. मग त्यांचे पाय चेपले होते. मावशींचा चेहरा टवटवीत दिसत होता, पण आम्हाला बघून त्यांनी तो आवरला. चूर्णाची पुडी सोडून नवऱ्याने स्वतः चमचा भरला.

"एवढा नको," मावशी म्हणाल्या.

"इतके दिवस ताप आहे, थोडक्याने काय होणार? अजून एक घे."

मावशींनी बहिणीकडे बघितलं. सासूबाईंनी 'घे' म्हणून मान हलवली. मावशींना दोन चमचे त्रिफळा गिळावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर बहिणीला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण त्या दिवशी, चूर्ण पोटात उतरायच्या आधी, त्यांनी आपली किंमत वसूल करून घेतली. नवऱ्याचा हात पुन्हा धरून बारीक आवाजात म्हणाल्या, "बरी झालंय तर माका एकदा म्हातारीच्या बुटाकडे नेशील? वर, टेकडीवरच्या बागेत. शाळेत असताना गेल्लंय. आता पायान चढ चढवत नाय."

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीशी जाऊन वाडीत बघत उभी राहिले, कारण मला हसू आवरेना.

पुढच्या रविवारी मावशी खडखडीत बऱ्या होऊन, गजरा माळून, जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. गिरगावातून चौपाटीला वळसा घालून आम्ही वाळकेश्वरच्या चढाला लागलो. पुढे नवरा आणि सासूबाई, मागे मी आणि मावशी. गाडीत चार माणसं, चढ चांगला, पुढे एक टुरिस्टांची बस रांगत चाललेली. नवऱ्याला थांबत थांबत चढावं लागत होतं. गाडी लोण्यासारखी चालली होती. थांबली की थांबत होती, निघाली की निघत होती.

"बघ मावशी," नवरा म्हणाला. "एवढी जुनी गाडी. गिअरबॉक्सच्या तेलाला आजवर कोणी हात लावलेला नाही. न लावण्यातच शहाणपण असतं."

मावशी बाहेर समुद्र बघण्यात गुंग होत्या. "मगे तीनदा बदललेला तेल कोणाचा?" त्या सहज म्हणाल्या.

मी मावशींच्या मांडीला चिमटा काढला, पण त्याला आता अर्थ नव्हता. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, मग बाजूला आईकडे. सासूबाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. बागेजवळ पोचल्यावर त्याने गाडी लावली, उतरला, आणि आमच्यासाठी न थांबता पुढे चालू लागला.

म्हातारीच्या बुटात, म्हणजे बुटाच्या आकाराच्या त्या घरात, मुलं वरखाली करत होती. मावशी एका बाकावर बसून ते मन लावून बघत राहिल्या. त्यांचा यायचा उद्देश खराच होता. नवरा कठड्यापाशी उभा होता. मी जाऊन बाजूला उभी राहिले.

"कुठे केलं?" त्याने विचारलं.

"भायखळ्याला."

"सगळं एकदम नाही ना काढलं?"

"नाही. थोडं थोडं. मध्ये गाडी चालवून."

"आणि मावशीला?"

"मावशीला काही झालं नव्हतं."

"मी तिचे पाय चेपले," तो म्हणाला.

"छान चेपलेस. त्या सांगत होत्या."

त्याला हसू यायला लागलं होतं, पण इतक्यात हसणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने तोंड फिरवलं. मागून सासूबाई आल्या. हातात चणेशेंगदाण्याच्या पुड्या होत्या. एक त्यांनी मुलाच्या हातात दिली आणि विचारलं, "आता बोल, पाय कोणाचो वायट?"

"तुझा नाही," तो म्हणाला.

"मोठ्यान बोल, बहिणीक आयकाक येवची नाय."

"आईचा पाय चांगला आहे," त्याने बाकाकडे बघून मोठ्याने सांगितलं. मावशींनी तिथूनच मान डोलावली. जवळून जाणारं एक कुटुंब थबकलं आणि सासूबाईंच्या पायांकडे बघून गेलं.

उतरताना गाडी सासूबाईंनी चालवली. नवरा पुढच्या सीटवर हाताची घडी घालून बसला. जेवायला आम्ही दादरला थांबलो. तिथे तो आमच्यापैकी कोणाशी बोलला नाही, फक्त वेटरशी बोलला, आणि कोथिंबीर वडी दोनदा मागवली.

रुसवा आठवडाभरही टिकला नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून परत येताना मी पार्किंगमधून आत शिरले, तर खांबापलीकडून त्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचीही गाडी ऑटोमॅटिक, जुनी, आणि तीही म्हणे झटके देत होती. मी तिथेच थांबले.

"सगळं एकदम काढायचं नाही," नवरा सांगत होता. "तिथेच लोक चुकतात. आम्ही टप्प्याटप्प्याने बदललं. आधी चुंबक बघायचा. पीठ असेल तर पुढे जायचं, तुकडे असतील तर थांबायचं. आणि गाडी सपाटीवर पाहिजे, नाहीतर सळी चुकीचं दाखवते. हे कोणी सांगत नाही तुम्हाला."

हे सगळं मीच त्याला गेल्या दोन दिवसांत, त्याने विचारलं नसताना, भाजी चिरता चिरता सांगितलं होतं. तेव्हा तो फोनमध्ये बघत होता आणि "हं" सुद्धा म्हणाला नव्हता.

"कुठल्या गॅरेजला केलंत?" शेजाऱ्याने विचारलं.

"आपला एक माणूस आहे भायखळ्याला," नवरा म्हणाला. "मी येतो तुमच्याबरोबर."

मी आवाज न करता लिफ्टकडे गेले आणि वर जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कोलंबी सोलत होत्या. "आपलो माणूस," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आपलो माणूस."

शनिवारी तो खरंच, ऑफिसला सुट्टी टाकून, शेजाऱ्याबरोबर गेला. दुपारी दोघे परत आले तेव्हा नवऱ्याच्या चांगल्या शर्टाच्या बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत लाल तेल लागलेलं होतं. तो स्वतः रॅम्पखाली वाकून बघत होता म्हणे. हात धुऊन तो जेवायला बसला आणि त्याने आम्हाला गिअरबॉक्सचं तेल कसं बदलतात ते पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. जुनं तेल कसं दिसतं, नवं कसं लाल असतं, किती पडतं, किती आत राहतं, नवं नेमकं कुठून घालतात.

सासूबाईंनी त्याच्या ताटात गरम चपाती वाढली. "असा होय?" त्या म्हणाल्या. "मगे?"

मी कोलंबीचं कालवण पुढे सरकवलं आणि मीही विचारलं, "मग?"